खडकावरचं प्रवाळ आणि साहेबांचे जावई

गेल्या मंगळवारी मला परळच्या आमच्या जुन्या ऑफिसात बोलावणं आलं. रिटायर होऊन चार वर्षं झालीत. साहेबांची नवी सेक्रेटरी बाळंतपणाच्या रजेवर, मीटिंगची मिनिट्स कोण लिहिणार... म्हणून मी.

ऑफिस म्हणजे समुद्रातली बांधकामं करणारी साहेबांच्या कुटुंबाची कंपनी. सध्याचं काम किनाऱ्याच्या खडकांतून पाण्याची पाइपलाइन टाकायचं. डिझाइन एका डच कंपनीचं. गुरुवारपासून खडक फोडायला सुरुवात होणार होती.

डच कंपनीची इंजिनियर मारिके त्याच सकाळी ओहोटीला खडकांवर जाऊन आली होती. सोबत आमचे साइटवरचे मुकादम, माहीमच्या कोळीवाड्यातले हरेश नाखवा. पाइपलाइनच्या नेमक्या वाटेवर तिला जिवंत प्रवाळ दिसलं. कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. फरक एवढाच, की ते डरकाळी फोडत नाही.

मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तिने फोटो टेबलावर ठेवले आणि दोन मिनिटांत सांगून टाकलं... तुमचा सर्व्हे चुकला आहे, लाइन उत्तरेला सरकवा. चहासुद्धा आला नव्हता.

आता सर्व्हे केला होता साहेबांच्या जावयाने. तो समोरच बसलेला. भरतीच्या वेळी जाऊन वरून पाणी बघून आला असणार, आणि रिपोर्टात लिहिलं होतं, 'फक्त खडक'.

खोलीतल्या नऊ जणांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग आपापल्या मोबाइलकडे. नाखवा दाराजवळच्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून गप्प. साहेब तेवढं म्हणाले, बघू या. मारिकेने विचारलं, कुणाची हरकत आहे का? कुणाची नव्हती. तिने वहीत बरोबरची खूण केली, सगळ्यांशी हात मिळवला, 'मला सोडायला यायची गरज नाही' म्हणाली आणि निघाली.

माझं डोकंच फिरलं. चौतीस वर्षं मी या माणसांची मिनिट्स लिहिली आहेत. टेबलावर कधी काही ठरल्याचं मला आठवत नाही. साहेब पाहुण्याला सोडायला लिफ्टपर्यंत जातात. तिथे उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलतात आणि खरं काय ते तिथे ठरतं. चार माणसांत कुणाचा पाणउतारा होत नाही. आणि ही बाई ती दहा मिनिटंच रद्द करून निघालेली.

गुडघे सांभाळत मी पॅसेजमध्ये तिला गाठलं. म्हटलं, काहीही ठरलेलं नाही. परत चला, चहा घ्या, साहेबांच्या तब्येतीची चौकशी करा आणि त्यांना लिफ्टपर्यंत येऊ द्या.

"पण कुणी नाही म्हणालं नाही," ती म्हणाली.

"जावयासमोर कोण म्हणेल? मीसुद्धा म्हटलं नाही."

तिला हा सरळसरळ अप्रामाणिकपणा वाटला, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, असेल. पण तुम्ही आज रात्री विमानात बसाल आणि गुरुवारी त्या फोटोतल्या प्रवाळावर ब्रेकर चालेल. चहाला किती वेळ लागतो?

ती परत आली. साखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायली. साहेबांच्या बायपासची चौकशी केली. साहेब खुलले, उठले, म्हणाले, चला, तुम्हाला सोडतो. जावई उठायला लागला तसं मी त्याला मिनिट्समधली उपस्थितांची नावं तपासायला बसवलं. मग नाखवांना खूण केली, मॅडमची बॅग घ्या, आणि मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

लिफ्टपाशी साहेबांनी नाखवांकडे न बघता विचारलं, "नाखवा, खरंच आहे का काही तिथे?"

"साहेब, तो दगड जिता हाय. आम्ही त्याच्यावर पाय नाय ठेवत."

"मग आत बोलला का नाहीत?"

"आत जावईबापू होते."

लिफ्ट आली. कुणीच आत गेलं नाही. दरवाजा उघडला, मिटला, लिफ्ट रिकामी खाली गेली. साहेबांनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

"लाइन सरकवा," ते म्हणाले. "गुरुवारचं काम थांबवा. जावयांशी मी घरी बोलतो."

नवा नकाशा, नव्या परवानग्या, म्हणजे काम आता पावसाळ्यानंतर. साहेबांना हे सोपं गेलेलं नाही. मारिकेचंही श्रेय मान्य करते... तिने फोटो असे सगळ्यांसमोर टाकले नसते, तर लिफ्टपाशी बोलायला विषयच नव्हता. आमच्यापैकी कुणी ते फोटो बाहेर काढले असते, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

काल ओहोटीला नाखवा मला ते दाखवायला घेऊन गेले. डबक्यात तळहाताएवढी, मातकट, बारीक नक्षीची उशीच जणू. मी जन्माने गिरगावची. शाळेत नन्सनी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळाची चित्रं माझ्याकडून रंगवून घेतली होती. इथे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ते आहे हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

मी वाकून बोट पुढे केलं. "हात नाय लावायचा, बाई," नाखवा म्हणाले. मी मुकाट्याने हात मागे घेतला.

नाखवा फेसबुकवर नाहीत, त्यांची मुलगी वाचून दाखवेल. नाखवा, तुमचे मनापासून आभार. पण पुढच्या वेळी आत, टेबलापाशीच बोला... जावई समोर बसलेला असला तरी. मी तुमच्या शेजारची खुर्ची घेईन.