नणंदेची गाठ आणि फॉर्मेलिन

नवरा गेल्यावर माझी धाकटी नणंद लहानग्या लेकीला घेऊन धुळ्याहून आमच्याकडे सिल्वासाजवळ डोकमर्डीला आली. राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात कामाला लागली. मी सिल्वासाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे बरणीत घालून आमच्याच हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी वापीच्या लॅबमध्ये पोचवायची होती.

घरी आल्यावर मी कुकर लावायला वळते न वळते, तोवर बाईसाहेबांनी बरणीतलं औषध मोरीत ओतून माठातलं पाणी भरलंसुद्धा!

"माय वं, काय तो वास! डोळे झोंबले ना वहिनी."

"कपाळ माझं! अगं, ते गाठ टिकवायचं फॉर्मेलिन होतं! पाण्यात पेशी फुगून फुटतात, मग लॅबवाले काय बघणार, डोंबल?"

शिपायाला गाठून शाळेची प्रयोगशाळा उघडायला लावली, फॉर्मेलिन आणून बरणीतलं पाणी काढून ओतलं. नणंद रडवेली झाली होती. तिला जवळ बसवून सांगितलं. आपल्या पेशी शेजारणीला घट्ट धरून असतात, ते काम काही प्रथिनं करतात. ती नुसती धरत नाहीत, "जागा भरली, आता वाढू नकोस" हा निरोपही पेशीला देतात. ती कमी झाली की पेशी बेबंद वाढतात, सुटतात, दुधाच्या नळीची भिंत फोडून दुसरीकडे घुसतात. तुझ्या पेशी भिंतीच्या आत आहेत की बाहेर पडल्या, तेवढंच कळायला हवंय.

"आत असल्या तर मी वाचेन?"

"वाचशील." माझाही जीव टांगणीला लागला होता, पण तसं तिला दाखवते कशाला!

रिपोर्ट आला. कडेचा भाग पाण्यानं खराब झालेला, मधला मात्र स्वच्छ दिसला होता. कॅन्सर होता, पण पेशी एकमेकींना धरून, दुधाच्या नळीच्या आतच. मुंबईला नेऊन पुढचं ऑपरेशन केलं की झालं. मी वाचता वाचता ढसाढसा रडले. आनंदच इतका झाला होता.

दुपारी जेवायला बसलो. तिची लेक रोजच्यासारखी माझ्या ताटाशी आली, तशी नणंदेनं तिला हाताला धरून स्वतःकडे ओढलं.

"गाठ निघाल्यापासून मीच तिला तुझ्याकडे पाठवत होते, वहिनी," ती म्हणाली. "तुझ्या हातचा घास सवयीचा व्हावा म्हणून. आता राहू दे. मी भरवते."