आबांचा उजवा पाय

आमचं घर आबांच्या पायांवर चाललं. आबा म्हणजे माझे वडील, गवंडी. निमगाव केतकीत आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या, आणि काम कधी वालचंदनगरला, कधी इंदापूरला, कधी आडरानातल्या एखाद्या वस्तीवर. एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पिशवीत थापी आणि ओळंबा टाकून चालत. दुसऱ्यांच्या घरांवर स्लॅब पडले, आमच्या डोक्यावर पत्राच राहिला. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन मी अभ्यास केला आणि बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या सगळ्या नात्यात पदवी घेतलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या पदवीमागे दोन पाय आहेत, हेही सांगायला हवं. त्यातला उजवा पाय राहणार की जाणार, हा प्रश्न एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्यापुढे उभा राहिला.

ज्यांच्या घरात साखरेचा आजार आहे आणि देवाचं मनापासून करणारं माणूस आहे, त्यांनी हे वाचावं. ख्रिस्ती नसाल तरी वाचा. अनवाणी चालायचं व्रत काही आमच्यातच नाही.

आम्ही कॅथलिक. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात, तिथपासून ईस्टरपर्यंत आमचा प्रायश्चित्तकाळ. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू. आबांनी त्या वर्षी चपला सोडल्या. मला वडगाव निंबाळकरच्या शाळेत नोकरी लागली होती, त्याचे उपकार मानायचे म्हणून. मी बारामतीत खोली घेऊन राहत होते, शनिवारी घरी यायचे. आई म्हणाली, "साखर हाय तुमाला, डॉक्टर वरडंल." आबा म्हणाले, "डॉक्टरनं नोकरी दिली का पोरीला?" विषय संपला.

राखेच्या बुधवारी आमच्याकडे जे शुभवर्तमान वाचतात, त्यात प्रभू सांगतो की उपास करताना तोंड सुकवून लोकांना दाखवत फिरू नका. जे करायचं ते गुपचूप करा, तुमचा पिता गुपचूप बघतो. आबांनी हे फार मनावर घेतलं. चपला सोडल्याचं झाकता येत नव्हतं. पण त्यातून जे काही होईल ते कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दर शुक्रवारी दुपारी आमच्या छोट्या चर्चच्या आवारात क्रुसाची वाट होते. प्रभूच्या दुःखसहनाचे चौदा टप्पे, प्रत्येक टप्प्याला थांबून प्रार्थना. आवारात फरशी, वर मार्चचं ऊन. बाकीचे अनवाणी लोक पाय उचलत, सावली शोधत. आबा प्रत्येक टप्प्याला खांबासारखे उभे. जोसेफतात्या, आबांबरोबर काम करणारा दुसरा गवंडी, एकदा हळूच म्हणाला, "सायमन, पायाला आतनं प्लास्टर मारून आलायस का रं?" बायका एकमेकींना म्हणायच्या, बघा केवढी भक्ती. शनिवारी घरी आले की मलाही हे ऐकून बरं वाटायचं.

भक्ती होतीच. पण आबांच्या तळव्यांना फरशीची आग कळतच नव्हती. तळवे भाजत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. आमच्याकडे प्रत्येकाचा उजवा पाय धुतात, आणि ज्यांचा पाय धुतला जाणार ते सगळे घरूनच साबणानं घासूनपुसून येतात. फादरांना मळका पाय कसा द्यायचा! फादर दर वर्षी हसतात, "मला धुवायला काही ठेवता की नाही?" त्या वर्षी बारा जणांत आबा होते. आणि चाळीस दिवस अनवाणी फिरलेला माणूस त्या संध्याकाळी मोजे घालून आला. आईला वाटलं, चारचौघांत बसायचं म्हणून घातले असतील.

आबांची पाळी आली. त्यांनी डाव्या पायाचा मोजा काढून डावा पाय पुढं केला.

"सायमनराव, उजवा," फादर म्हणाले.

"ह्योच घ्या की फादर. दोनी एकाच बापाचे."

शेजारी बसलेला जोसेफतात्या कोपरानं ढोसत म्हणाला, "उजवा काय घरी ठिवून आलास व्हय?" दोनचार जण हसले. फादरांनीही हसत हसत उजवा मोजा खाली ओढला.

मी तिसऱ्या बाकावर होते. तिथपर्यंत वास आला.

फादरांचा चेहरा हलला नाही. त्यांनी पाय पाण्यात घातला नाही, टॉवेलात गुंडाळला आणि तसाच मांडीवर धरून माझ्याकडे बघितलं. मी जवळ गेले. "मिस्सा संपायची वाट बघू नकोस," ते म्हणाले. जोसेफतात्याचा एक पाय अजून ओला होता, तसाच तो टेम्पो काढायला पळाला.

टेम्पोत मी टॉवेल सोडून बघितलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्याला रुपयाएवढा खड्डा. मी विचारलं, "आबा, हे कधीपासून?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुखत न्हाय गं. दुखत असतं तर सांगितलं असतं."

नीट वाचा, हेच ते लक्षण आहे. बारामतीच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी एक जाड नायलॉनचा दोरा आबांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून सांगा म्हणाल्या, कुठं लागतंय. आबा गप्प. "लावा की आता," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "बाबा, सात ठिकाणी लावून झालं."

याला डायबेटिक न्यूरोपथी म्हणतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. काटा टोचो, खिळा जावो, फरशीनं भाजो, माणसाला कळत नाही. बोटांना झालं होतं ते गँग्रीन, म्हणजे मांस मेलेलं, आणि त्यात जंतू शिरलेले. पायात रक्त पोचतंय का हे बघायला डॉपलर नावाची तपासणी केली. रक्त पोचत होतं. मॅडम म्हणाल्या, ही एकच गोष्ट आपल्या बाजूची आहे.

मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं. घोट्याच्या वर लाली चढलेली होती. ती जिथं संपत होती, तिथं नडगीवर त्यांनी आडवी रेघ ओढली. "दोन बोटं काढावीच लागतील. उद्याच काढू. पण लाली ही रेघ ओलांडून वर गेली, तर बोटांवर भागणार नाही. गुडघ्याखाली कापावं लागेल."

आबांनी कुणाकडं न बघता सांगितलं, "ईस्टर होऊ द्या. व्रत पुरं झालं की काय ते करा."

मॅडमनी समजावलं, मी समजावलं, आई रडली. आबा भिंतीसारखे. "देवाला शब्द दिलाय. मधीच मोडायचा न्हाय." सही करायला तयार होईनात. संमतीशिवाय ऑपरेशन होत नाही. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू झालं आणि आम्ही त्या रेघेकडं बघत बसलो. मी शाळेत मुलांना मोजमाप शिकवते. इतकी आखूड रेघ इतका वेळ मी कधी बघितली नव्हती. लाली रेघेच्या खालीच आहे असं मला वाटायचं, आई म्हणायची, टेकली. मग मी म्हणायचे टेकली, तर आई म्हणायची न्हाय, खाली हाय.

शुक्रवार उजाडला, गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्यात कडक उपास असतो. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला तो नसतो, हे चर्चनंच सांगितलेलं आहे. पण आबा स्वतःला आजारी मानत होते कुठं? सिस्टरनी इन्सुलिन दिलं, नाश्ता आला. आम्ही दोघी बाहेर रक्ताचा रिपोर्ट घ्यायला गेलो, तेवढ्यात आबांनी पोहे शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला देऊन टाकले. परत आलो तर आबा घामानं निथळलेले, डोळे फिरलेले, आईला म्हणत होते, "विटा भिजवल्या का?" मी किंचाळले. सिस्टर धावल्या. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर एकदम खाली जाणं. इन्सुलिन घेऊन जेवलं नाही की हे होतं, आणि वेळेत कळलं नाही तर माणूस जातो. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आबा हळूहळू माणसांत आले. शेजारचा म्हातारा बिचारा रडकुंडीला आला, "मला काय म्हाईत, मला वाटलं ह्यांना पोहं आवडत न्हाईत."

तेव्हा मी पहिल्यांदा रागावले. म्हटलं, "आबा, माझ्या नोकरीसाठी पाय देताय ना? मग ऐका. मला नको ती नोकरी. आत्ता राजीनामा लिहिते." आबांनी तोंड फिरवलं. डोळ्याला पाणी होतं, पण मान हलली नाही.

मॅडम आल्या, पाय बघितला, बोट रेघेवर ठेवलं. लाली रेघेला भिडली होती. "दुपारपर्यंत सांगा," त्या म्हणाल्या. "त्यानंतर तुम्ही हो म्हणालात तरी मी बोटांवर थांबू शकणार नाही."

गुड फ्रायडेला फादरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी ते आले, दुपारच्या उपासनेच्या आधी. त्यांच्या हातात तेलाची छोटी बाटली बघून आई दारातच आडवी आली. आमच्याकडे जुन्या माणसांची समजूत आहे की फादर तेल लावायला आले म्हणजे माणूस निघाला. "फादर, पाया पडते, ती बाटली खिशात राहू द्या."

"मार्थाबाई, हे जायचं तेल नाही, राहायचं तेल आहे. आजाऱ्याला बळ यावं म्हणून लावतात. सरका बाजूला, मला वेळ नाही."

ते आबांच्या उशाशी न जाता पायाशी बसले.

"सायमनराव, काल मी वाकलो आणि तुम्ही पाय मागं घेतलात."

"तुमचा हात घाण झाला असता, फादर."

"पेत्रानंही हेच केलं होतं. प्रभू पाय धुवायला वाकला, तर नको म्हणाला, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. मग पुढं काय झालं?"

पेत्र हा प्रभूचा शिष्य, आणि त्याची ही गोष्ट आबा दर वर्षी ऐकत आलेले. ते म्हणाले, "प्रभू म्हनला, धुऊ दिलं न्हाईस तर तुझा माझा संबंध न्हाय."

"मग पेत्रानं काय केलं?"

"धुऊ दिलं."

"देवासाठी चालणं तुम्हाला येतं. देवानं तुमच्यासाठी वाकलेलं मात्र सोसत नाही. ती डॉक्टर बाई काल संध्याकाळपासून तुमच्या पायाशी वाकून उभी आहे. तिला कुणी पाठवलं, असं वाटतं तुम्हाला?"

मी रेघेकडं बघत होते. पुढं बघवेना म्हणून आईकडं बघितलं, तर ती डोळे मिटून मरियामातेचा धावा करत होती.

"आन् माझं व्रत?" आबांनी विचारलं. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"तुमचं व्रत त्याला पोचलं. त्याला तुमची दया आली आहे, ती तेवढी घ्या. बोटं मागतोय तो, पाय ठेवून देतोय."

आबांनी माझ्याकडं बघून हात पुढं केला. "पेन दे."

फादरांनी त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं आणि उपासनेसाठी पळाले. मॅडम आल्या, कागदावरची सही बघितली आणि म्हणाल्या, "आता ऑपरेशन होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा." आबा म्हणाले, "म्हंजी उपास घडलाच की!" मॅडम म्हणाल्या, "हा माझ्या हुकमाचा. घाबरू नका, या वेळी साखरेवर माझं लक्ष आहे."

ऑपरेशनच्या दाराबाहेर आई आणि मी जपमाळ घेऊन बसलो. माझ्या बोटांतून मणी सरकत होते आणि तोंडातली प्रार्थना मधेच तुटत होती. मी विज्ञान शिकवते, तरी तिथं बसून मी देवाशी भांडले, हे खरं लिहायला हवं. त्याला म्हटलं, ज्या पायांनी मला इथवर आणलं ते तू मागू नकोस.

मॅडम बाहेर आल्या. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं होतं. मेलेलं मांसही कापून काढलं, त्याला डीब्राइडमेंट म्हणतात. "पाय राहिला. पण आज नको, लाली उतरली की मग देवाचे आभार माना."

शनिवारी लाली रेघेशीच होती. ईस्टरच्या सकाळी मी पांघरूण वर केलं, आणि रेघेखाली आबांच्या कातडीचा मूळ रंग दिसला, बोटभर पट्टी. मी आईला बोलावलं. ती चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खाली हाय. आता खरंच खाली हाय."

जखम भरायला पावसाळा गेला. रोज ड्रेसिंग, रोज इन्सुलिन, पायावर भार द्यायचा नाही. आबांसारख्या माणसाला बसून राहणं ही खरी शिक्षा. मी फादरांना एकदा विचारलं, एवढ्या भक्तीच्या माणसाच्या वाट्याला हे का? ते म्हणाले, "मला माहीत नाही." त्या उत्तरानं माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

तुमच्या घरी साखरेचं माणूस असेल तर त्याच्या तळव्यांकडं तुम्ही बघा. दुखत नाही म्हणाला तर जास्त नीट बघा. व्रत करायचं असेल तर चपला घालून करा. देवाला पाय जाळून नको आहेत, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकते.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात आबांनी नवं व्रत घेतलं: घरातसुद्धा चपला घालायच्या, आणि रोज आरसा खाली ठेवून तळवे बघायचे. ते म्हणतात, अनवाणी चालणं सोपं होतं. क्रुसाच्या वाटेला ते आवाराच्या दाराशी उभे राहतात आणि साखरवाल्यांना चपला काढू देत नाहीत. जोसेफतात्या म्हणतो, "चर्चला आता वॉचमन मिळाला."

त्या पुढच्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी बारा जणांत आबा पुन्हा बसले. फादर समोर येण्याआधीच त्यांनी मोजा काढून उजवा पाय पुढं केला. त्यावर तीन बोटं आहेत. फादरांनी तो धुतला, पुसला आणि त्याचं चुंबन घेतलं. मग आबा उठले आणि आपल्या पायांनी चालत जागेवर गेले.