मुंजाजीच्या अंगणातलं सनरूफ

कळमनुरीत नांदेड रस्त्याला मुंजाजीचं सीटकव्हरचं दुकान आहे. जीपची सीट, ट्रॅक्टरची गादी, मोटारसायकलचं कव्हर, जे येईल ते तो शिवतो. चाँद पाशा उस्तादांनी हाताला धरून शिकवलं आणि ते गेल्यावर दुकान मुंजाजीकडंच आलं. पण गावात त्याचं नाव होतं ते शिलाईपेक्षा आवाजांसाठी. गाडीत कुठं काय वाजतं हे तो शेजारी बसून, डोळे मिटून सांगायचा. मग फोमचा एखादा तुकडा असा बेतून कोंबायचा की आवाज बंद. मेकॅनिक लोकसुद्धा कंटाळले की गिऱ्हाईक त्याच्याकडं पाठवून द्यायचे.

रागिणी मॅडम तशाच आल्या. त्या शिक्षिका. रोज अठ्ठावीस किलोमीटरवरच्या शाळेत स्वतः गाडी चालवत जायच्या. गाडी जुनी घेतलेली, पांढरी, टपाला सरकती काच.

"मुंजाजीभाऊ, हे सनरूफ मला नकोच होतं, गाडीबरोबर आलं," त्या म्हणाल्या. "पण आता डोक्यावर असं खडखडतं की शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं फुटायची पाळी येते. शहरात दाखवलं, तर ते म्हणतात सगळा सांगाडाच बदला. तुम्ही बघता का?"

मुंजाजीनं जन्मात सनरूफ खोललं नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "होऊन जाईल, मॅडम. रविवारी घरी आणा. दुकानात नको."

"घरी का?"

"इथं धूळ लई उडते."

धूळ उडत होती हे खरंच. पण गाडी घरी न्यायचं कारण निराळं होतं. आठ महिन्यांपासून मुंजाजीचा उजवा हात थरथरत होता. आधी सुई ओवताना, मग कात्री धरताना, आणि आता चहाचा कप उचलतानाही. मशीनवरची सरळ शिलाई अजून जमत होती. बारीक काम आलं की तो गिऱ्हाइकाला "संध्याकाळी या" म्हणून वाटेला लावायचा आणि शटर अर्धं ओढून, दातात दोरा धरून कसंबसं उरकायचा. लोकांसमोर उजवा हात खिशात असायचा. त्याचे चुलते जळबा यांचा हात असाच सुरू झाला होता. शेवटची चार वर्षं त्यांना घास भरवावा लागला. मुंजाजीनं स्वतः भरवला होता. त्यामुळं डॉक्टरकडं जायचं तो टाळत होता. दाखवलंच नाही तर कुणी आजाराचं नावही सांगणार नाही, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मॅडम गाडी लावून गेल्या. "चारला येते," म्हणाल्या. मुंजाजीनं अंगणाचं फाटक ओढून घेतलं. मोबाईलवर सनरूफ खोलायचा व्हिडिओ त्यानं आदल्या दोन दिवसांत पाच-सहा वेळा पाहिला होता. त्यातल्या माणसाचे हात दगडासारखे स्थिर होते. काम सोपं वाटत होतं ते त्या हातांमुळं, हे मुंजाजीला कळत होतं.

आतलं झाकण सरकवलं. बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या निघाल्या. काच सहा स्क्रूंवर बसली होती, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू. पहिल्या स्क्रूला लावताना तीन वेळा पाना चुकला. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं तेव्हा कुठं बसला. पाचवा स्क्रू निघाला आणि बोटांतून सुटला. टपाच्या कडेच्या पन्हाळीत टिणकन वाजला आणि दिसेनासा झाला.

स्क्रू आतच राहिला तर जन्मभर वाजत राहील. आवाज काढायला घेतलेल्या गाडीत आपणच आवाज घालून ठेवला, हे गावात कळलं तर?

त्यानं घाईघाईनं सहावा स्क्रूही काढला. काच उचलून बाजूला ठेवली की पन्हाळ मोकळी दिसेल, असा त्याचा हिशेब. व्हिडिओत दोघांनी मिळून उचलली होती. मुंजाजी एकटाच स्टुलावर चढला, दोन्ही हातांनी काच उचलली, आणि उजव्या हातानं दगा दिला. काचेचा कोपरा खाली आला, टक्क करून टपावर आपटला.

"आवं, काय पडलं?" घरातून सत्यभामा पळत आली. त्याची बायको.

काच फुटली नव्हती. पण मुंजाजीचे हात असे कापत होते की काच टपावर कडकड वाजत होती. सत्यभामानं पलीकडून काच धरली. दोघांनी ती खाटेवरच्या गोधडीवर ठेवली. मग ती वळली. डोळे भरून आले होते, पण आवाज करडा होता.

"सकाळीच घेतली का?"

"काय घेतली?"

"मला येडी समजू नका. चहा सांडते, हात कापतात, दुकानाचं शटर अर्धं पाडून आत बसता. चार महिने झाले, तुमचे सदरे हुंगून राहिले मी. वास येत न्हाई, म्हणून काय पिता तेच समजून न्हाई राहिलं."

मुंजाजीला आत्ता कळलं. आपण भीती लपवत होतो, आणि ही दुसरीच भीती घेऊन रोज आपले सदरे हुंगत होती. तो स्टुलावर बसला. थरथरता हात पहिल्यांदाच उघडा मांडीवर ठेवला.

"दारू न्हाई," तो म्हणाला. "जळबाकाकासारखं होऊन राहिलं मला."

सत्यभामानं तो हात दोन्ही हातांत धरला. तळव्यात पाखरू धरावं तशी थरथर तिला जाणवली असावी, कारण ती लगेच खाली बसली. शेजारच्या शेळ्या फाटकाला अंग घासत होत्या.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगून काय व्हनार होतं?"

"मी रडले असते," ती म्हणाली. "आता बी रडनारच हाय. पन आधी ती काच बसवा. चारला मॅडम येनार."

स्क्रू शोधायला तिनंच सुया उचलायचं लोहचुंबक दोऱ्याला बांधलं आणि पन्हाळीत सोडलं. आधी कुजलेला लिंबाचा पाला निघाला, मग चिखलाचा गोळा, तेव्हा कुठं स्क्रू चिकटून आला. पाणी जायची भोकं पार बुजली होती. मुंजाजी सांगत गेला, ती करत गेली. रुळांतलं जुनं ग्रीस धुळीनं मातीसारखं झालं होतं. ते तिनं फडक्यानं पुसून नवं लावलं. काचेभोवतीचं रबर पुसलं. काच परत ठेवली. पाना आता तिच्या हातात होता.

"अर्धाच आटा. बस. आता समोरचा. जोर नको करू, काच तडकंल."

"बोलू नका, हात हालतो माझा."

लग्नपत्रिकेचा जाड कागद रबराच्या फटीत घालून मुंजाजीनं चारी बाजू तपासल्या. सगळीकडं सारखाच अडकत होता. त्याला जरा हायसं वाटलं. मग बाजाराच्या मैदानामागच्या दगडगोट्याच्या रस्त्यावर गाडी काढली. सत्यभामा शेजारी.

पन्नास पावलं गेली नाहीत तोच डोक्यावर खडखड, खडखड.

मुंजाजीनं गाडी थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तीन वाजत आले होते. सांगाडाच बदला, म्हणाले होते ते खरं असेल. आपला हात गेला, आता कानही गेला.

"चालवा," सत्यभामा म्हणाली.

"काहून?"

"चालवा म्हणते ना."

तिनं हात वर करून तळवा छताला लावला. पुढं, मागं, डावीकडं. गाडी हळूहळू गोट्यांवरून जात होती. "इथं दाबलं का थांबतं बगा," ती एकदम म्हणाली. मुंजाजीनं कान दिला. तिनं हात काढला, खडखड. दाबला, गप्प. आवाज काचेचा नव्हताच. आतलं सरकतं झाकण एका बाजूनं झिजून रुळात सैल झालं होतं.

घरी येताच मुंजाजीनं जुनी घोंगडी काढली. बापाची होती ती, कडेला विरलेली. बोटाएवढी पट्टी सत्यभामानं कापली, आणि दुकानातून आणलेलं डिंकासारखं सोल्युशन लावून ती रुळाच्या आत बसवली. वाळायला ठेवून दोघं पायरीवर बसली. घड्याळाकडं बघायची मुंजाजीला हिंमत होत नव्हती. पुन्हा त्याच रस्त्यावर गेली तेव्हा टायरखालचे गोटे ऐकू आले, डोक्यावर काही नाही. मुंजाजीनं परत एकदा चक्कर मारली. मग अजून एकदा.

मॅडम आल्या तेव्हा त्यानं किल्ली देण्याआधी टपावरचा ओरखडा दाखवला. नखाएवढा होता, दाखवला नसता तर महिनाभर दिसला नसता.

"हा माझ्या हातानं पडला, मॅडम. हात कापतो माझा. काच सुटली." बाहेरच्या माणसाला तो हे पहिल्यांदाच सांगत होता. "आणि काम मी न्हाई केलं. हिनं केलं."

रागिणी मॅडमनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. कपाळाला बारीक आठी पडली. गाडी त्यांची होती, वाईट वाटणारच. मग त्या मुंजाजीच्या हाताकडं बघत राहिल्या.

"दाखवलं का कुणाला?"

"न्हाई."

"शनिवारी मी नांदेडला जाणार आहे. दोघंही चला." इतकं बोलून त्या चक्कर मारायला गेल्या. परतल्या तेव्हा आवाजाबद्दल नुसती मान डोलावली आणि म्हणाल्या, "शनिवारी आठला."

त्या सहा दिवसांत मुंजाजी धड जेवला नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं, खोलीत चालवलं, जळबाकाकांचं सगळं विचारून घेतलं. मग सांगितलं की हे काकांसारखं दिसत नाही. ही थरथर निराळी, काम करताना वाढणारी. पूर्ण जाणार नाही, पण गोळीनं कमी होईल, आणि दर सहा महिन्यांनी दाखवत राहायचं. दवाखान्याच्या जिन्यात सत्यभामा रडली, ठरवल्यासारखी, भरपूर.

थरथर कमी झाली, गेली नाही. काळजीही तशीच. सकाळी उठला की मुंजाजी आधी हात समोर धरून बघतो. पण हात आता खिशात घालत नाही. दुकानात आता दोन स्टूल आहेत. बारीक शिलाई सत्यभामा करते. काही जुनी गिऱ्हाइकं हसली, एक-दोघं दुसऱ्या दुकानात गेली, त्यातला एक परत आला.

परवा कुरुंद्याचा एक जण जीप घेऊन आला होता. दार वाजत होतं. सत्यभामा पाना घेऊन उठली तसा तो गडबडला.

"बाई करनार का?"

"व्हय," मुंजाजी म्हणाला. "तुमी गाडी चालवा, मी मागं बसून ऐकतो. कुठं वाजतं ते कळू द्या आधी."