शिवप्पा मिस्त्रींचा तळहात

गेल्या मंगळवारी सोलापुरातल्या एका ट्रॅक्टर शोरूमच्या मागच्या अंगणात चार माणसं एका सायलेन्सरकडे टक लावून उभी होती... मी, माझी बायको शोभा, आमच्या गावचे शिवप्पा मिस्त्री आणि शोरूमचा सेल्समन. ट्रॅक्टर चालू होता आणि सायलेन्सरमधून काहीच निघताना दिसत नव्हतं.

थोडं मागचं सांगतो. माढ्याजवळ आमची द्राक्षबाग आहे आणि बागेतला छोटा ट्रॅक्टर गेली नऊ वर्षं शोभा चालवते. मी चालवला की मांडवाचे खांब पडतात... हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही.

डोक्यावर वेलींचा मांडव असतो म्हणून सायलेन्सर खाली वळवलेला, आणि धूर मांडवाखालीच कोंडतो. माल काढायच्या दिवसांत क्रेट वाहून वाहून दिवस जातो. शोभा तोंडाला पांढरा स्कार्फ बांधते, आणि संध्याकाळी तो सोडला की नाकाच्या जागी दोन काळे ठिपके असतात.

गेल्या सीझनपासून तिला खोकला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुरापासून लांब राहायचं.

जुना ट्रॅक्टर बदलायचाच होता. मी म्हटलं, नवा घेऊ आणि त्यावर ड्रायव्हर ठेवू... मला वाटलं, तिला बरं वाटेल. 'म्हणजे मी घरी बसायचं?' म्हणून ती उठून गेली आणि पुढचे दोन्ही दिवस जेवायला मला न आवडणारा दोडका होता.

मग तिनेच कुठूनतरी शोधून काढलं की पुढे येणाऱ्या नियमांचा विचार करून धुराचा फिल्टर आधीच बसवलेलं एक छोटं मॉडेल आलंय. 'अहो, बघून तर येऊ,' एवढंच म्हणाली. मी मात्र व्हिडिओ बघितले होते... फिल्टर चोक झाला, लाइट लागला, सेन्सर गेला, ट्रॅक्टर रानात उभा.

मी घरातल्या एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर अकरा प्रश्न लिहून नेले. आणि शिवप्पा मिस्त्रींना सोबत घेतलं... खरं सांगायचं तर त्यांनी 'नको' म्हणावं म्हणून!

मिस्त्री मूळचे दुधनीचे, चाळीस वर्षं आमच्या गावात गॅरेज. इंजिन तपासायची त्यांची एकच पद्धत. चालू इंजिनच्या सायलेन्सरसमोर जरा अंतरावर तळहात धरायचा, मग हाताची काजळी बघायची, वास घ्यायचा आणि दुखणं सांगायचं. आजवर त्यांचं निदान चुकलेलं मी बघितलेलं नाही.

आणि आमच्याकडची पक्की समजूत... धूर नाही म्हणजे इंजिनात दम नाही. माझीही तीच होती.

सेल्समन भला माणूस निघाला, त्याने काही लपवलं नाही. फिल्टरमध्ये काजळी साठते, ठरावीक काळाने लाइट लागतो. मग ट्रॅक्टर वाळल्या पाचटापासून लांब, मोकळ्यावर उभा करून अर्धा तास रेसवर ठेवायचा, म्हणजे आतली काजळी आतच जळते. मध्येच बंद करायचा नाही, ऑइल सांगितलेलंच टाकायचं, आणि बिघाड झाला तर लॅपटॉप लावूनच बघावं लागतं. प्रत्येक उत्तराला मी मिस्त्रींकडे बघत होतो... बघा, मी म्हटलं नव्हतं?

मिस्त्रींनी रेस वाढवायला सांगितली आणि तळहात धरला.

हात बघितला. वास घेतला. पुन्हा धरला. मग शोभाकडून तिचा स्कार्फ मागून घेतला आणि त्यावर तळहात घासून पुसला... स्कार्फ पांढराच!

"चालू हाय न्हवं ह्यो?" त्यांनी विचारलं. इंजिनच्या आवाजात ओरडून विचारलं, तरी कुणी हसलं नाही.

माझ्या अंगावर खरंच शहारा आला. डिझेल तेच, आतली आगही तीच. आमच्या बागेत दिवसभर कोंडणारी ती काजळी एका कळशीएवढ्या डब्यात गप बसून होती... हे माणसाच्या डोक्यातून निघालंय यावर विश्वास बसेना.

शोभा सायलेन्सरच्या दिशेने निघाली. सेल्समन म्हणाला, "ताई, फार जवळ नको, दिसत नसला तरी गॅस असतोच." मग आमच्या ट्रॅक्टरवर सीटपासून सायलेन्सर जेवढा लांब असतो तेवढ्या अंतरावर ती थांबली आणि तिने मोठा श्वास घेतला. आम्ही तिघंही खोकल्याची वाट बघत उभे राहिलो.

खोकला आला नाही... तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"घ्या ह्यो," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, अहो, पण उद्या बिघडला तर तुम्हाला उघडता येणार नाही. "न्हायच येणार. सोलापूरलाच आणावा लागंल की." मग तळहाताकडे बघत शोभाला म्हणाले, "चाळीस वर्सं म्या नुसता धूर वळखला, वैनी. त्यो कुणाच्या छातीत जातो, ते कदी बगितलंच न्हाय."

आपलं गिऱ्हाईक आपल्याच तोंडाने दुसरीकडे पाठवणारा हा माणूस आमच्या गावात आहे, याबद्दल मी फार आभारी आहे.

ट्रॅक्टर पुढच्या आठवड्यात येईल. शोभाचा खोकला पूर्ण जाईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही... पण स्टिअरिंग तिच्याच हातात राहणार.

परत येताना खिशात ती लग्नपत्रिका हाताला लागली. फिल्टर, लाइट, सेन्सर, ऑइल, वॉरंटी... अकराच्या अकरा प्रश्न पुन्हा वाचले. त्यात शोभाच्या खोकल्याबद्दल एकही नव्हता.