'माझे घर' हा पाठ

दादाने अट घातली ती जेवताना. बांगड्याचा काटा काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पयल्या फटक्यात पास झालंस तर बालवाडी चालव. नायतर कुडाळचा स्थळ आसा. पोरां सांबाळूचीच हौस आसा तर थंय दोन तयार आसत."

कुडाळचं स्थळ म्हणजे बिजवर. बायको जाऊन वर्ष झालेलं, पदरात एक मुलगा आणि एक मुलगी. वडील गेल्यापासून घरात दादाचा शब्द शेवटचा. माझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर, पण त्या दिवशी मी उठले आणि ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलली आणि आचऱ्याहून मालवणला मावशीकडे राहायला गेले.

साठ साल उजाडायच्या आधीची ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. मालवणात बालवाडीच्या शिक्षिका तयार करायचा वर्ग निघाला होता, त्यात मी नाव घातलं होतं. सकाळी माडांच्या बागेतल्या एका मांगरात, म्हणजे नारळ आणि अवजारं ठेवायच्या जुन्या कोठीत, आसपासची पोरं जमवून आम्ही त्यांना शिकवायचो. दुपारी आम्हाला शिकवायच्या त्या मुख्य बाई. घाटावरच्या. काठपदराचं नऊवारी लुगडं, केसांचा घट्ट आंबाडा, आणि बोलणं असं की छापून घ्यावं. पोरांचं नाक कसं पुसावं, हट्टी पोराला कसं वळवावं, गाणं म्हणताना हात कुठे न्यावेत, सगळं त्यांनी शिकवलं आणि मनापासून शिकवलं. पण एक नियम असा की आमचा घास अडकायचा. पाठ चालू असताना मालवणी बोलायचं नाही. एक शब्दही नाही. "भाषेचं वळण याच वयात लागतं," बाई म्हणायच्या. बोलायचं शुद्ध, आणि घंटा होईपर्यंत पाठ पुरा करायचा. एवढं सांभाळलं की पास.

मी सांभाळलं. रात्री मावशी कंटाळून म्हणायची, "गो, तुझ्या त्या कुठे नि कशाला आयकान माका तापच येतलो." मी तिच्याशीही शुद्धच बोलायचे. जीव टांगणीला लागला होता, दुसरं काय करणार? डोळे मिटले की कुडाळच्या घराचं दार दिसायचं. ते घर मी पाहिलंही नव्हतं.

परीक्षेला माझ्या वाट्याला पाठ आला 'माझे घर'. भिंतीवर तक्ता. घर, बाबा, आई, ताई, बाळ. परीक्षक कोल्हापूरहून आलेले. वयस्कर, सौम्य चेहऱ्याचे. खोटं कशाला बोलू, माणूस चांगला होता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

पाठ छान चालला होता. पोरांनी बाबा ओळखले, ताई ओळखली. मग परीक्षक स्वतः उठले आणि पुढच्या रांगेतल्या एका चार वर्षांच्या मुलीपाशी वाकले. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल फिती. तक्त्यावरच्या आईवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुझी आई कुठे आहे, बाळ?"

ती शांतपणे म्हणाली, "आई मेली."

 काय घोटाळा झालाय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आमच्याकडची घरं एकत्र. काका, आत्या पोराच्या आईला वयनी म्हणणार, ते ऐकून पोरही तिला वयनीच म्हणणार. आणि घरात 'आई' म्हणून जिला हाक जाते ती बापाची आई, म्हणजे आजी. या मुलीची आजी श्रावणात वारली होती. वयनी धडधाकट होती, समोरच्या घरात होती, सकाळी त्या दोन वेण्या तिनेच घातल्या होत्या. मी स्वतः माझ्या आईला वयनी म्हणत मोठी झाले. पण तक्त्यावर आई छापलं होतं, म्हणून आम्ही सगळ्याजणी महिनोन् महिने आईच शिकवत होतो.

मी बोलायला तोंड उघडलं. मुख्य बाईंनी मागून मान हलवली, परीक्षक बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

परीक्षकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोरांना म्हणाले, "मुलांनो, हिची आई देवाघरी गेली आहे. आपण सगळ्यांनी हिच्याशी मायेनं वागायचं, हं?"

मुलीला त्यातलं काही उमगलं नाही. पण शेजारच्या चोंबड्या पोरीला उमगलं. ती हिच्या कानाशी लागली. "गो, तुजी आवस मेली म्हणतत."

आवस म्हणजे जन्मदाती. त्यात घोटाळ्याला जागाच नाही.

त्या मुलीने जो हंबरडा फोडला तो मी आजही विसरलेले नाही. मोठं माणूस आलंय, सांगतंय, म्हणजे खरंच असणार. सकाळी होती ती वयनी मेली. तिचं बघून बाकीची पोरं सुरू झाली. मांगर रडण्याने भरून गेला. मी तिच्याजवळ बसले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "रडू नकोस बाळ, तुझी आई सुखरूप आहे." ती आणखीच मोठ्याने रडायला लागली. तिची आई तर श्रावणात गेली होती, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता बाईसुद्धा खोटं बोलायला लागल्या.

मी वर बघितलं. मुख्य बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठांवर "शुद्ध" होतं, ते न बोलताही मला ऐकू आलं. मला संताप आला. बाईंचा, तक्त्याचा, दादाचा, त्या भल्या परीक्षकाचाही. आणि पोरगी रडून रडून काळीनिळी व्हायला लागली होती.

"गो बाय माझे," मी तिला उचललं, "तुजी वयनी खंय मरता? घरात आसा ती. चल, तुका दाखवतंय."

आणि पाठ तिथेच टाकून मी बाहेर पडले. मागून बाईंची हाक आली. मी थांबले नाही. बाग ओलांडली, दगडांचा बुटका गडगा ओलांडला. तिची वयनी खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमाची सोलं वाळत घालत होती. पोरीने तिला बघितलं मात्र, माझ्या कमरेवरून अशी झेपावली की मीच पडता पडता वाचले. वयनी विचारत राहिली, काय झालं, काय झालं. मी तशीच मांगराकडे वळले.

परत आले तेव्हा घंटा होऊन गेली होती.

परीक्षकांनी मला बाजूला बोलावलं. बाईंनी त्यांना सगळा उलगडा केला होता. ते म्हणाले, "चूक माझी झाली. पण पाठ पूर्ण झाला नाही. अपूर्ण पाठाला गुण देता येत नाहीत."

"परीक्षा बालसंगोपनाची होती ना?" मी म्हणाले. आवाज चढला होता.

"होती," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. पुन्हा बसायचं तर पुढच्या वर्षी, असं बाईंनी सांगितलं. मी निघताना बाईंनी माझा हात धरला, तोही बराच वेळ. त्याने काय होणार होतं?

दादाने शब्द फिरवला नाही. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. वयनीने, म्हणजे माझ्या आईने, माझ्या बाजूने एकदा तोंड उघडलं आणि दादाने बघितल्यावर मिटलं. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.

कुडाळला माप ओलांडून आत गेले तेव्हा मुलगा लांब उभा राहिला. मुलगी तीन वर्षांची. सासूबाईंनी तिला पुढे ढकललं, पाया पड म्हणाल्या. ती पडली आणि पळाली. दिवसभर दिसली नाही.

संध्याकाळी मी मागल्या दारी एकटीच बसले होते. मनात एकच चाललं होतं, की इथून आता सुटका नाही. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. आई गेल्यावर तिला सांभाळायला आधी आत्या येऊन राहिली होती, मग मावशी, मग कुणी लांबची काकी. एकेक करून सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या. तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"तू कधी जातलस?"

  ती तशीच उभी होती, उत्तरासाठी.

"मी खंयच जावचंय नाय," मी म्हणाले.

ती माझ्या मांडीवर येऊन बसली.