दम्याच्या गोळ्यांचा उंच खांब

औषधं लिहिण्यात देशाच्या सरासरीला मी आजही भीक घालत नाही. पण एक खांब मात्र मी मुकाट्याने खाली आणला.

रोह्याला आम्हा डॉक्टरांची सभा होती. प्रत्येकाच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या आधीच मागवल्या होत्या. पडद्यावर देशाच्या सरासरीची आडवी रेघ आणि प्रत्येक दवाखान्याचा एक खांब. दम्याला पंपाऐवजी गोळ्या लिहिण्यात पेणचा एक खांब रेघेच्या बराच वर गेला होता. नाव नव्हतं, पण माझा खांब मी ओळखला.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. उठून म्हणालो, "माझ्याकडे सरासरी येत नाही, माणसं येतात. पंप म्हटला की त्यांना वाटतं, जन्माची सवय लागली. गोळी घेतात, म्हणून गोळी लिहितो." टाळ्या पडल्या. परतताना वाटेत गडब गावात चहा प्यायलो, तेव्हाही मी स्वतःवर खूश होतो.

पुढच्याच आठवड्यात एक बाई आली. वर्षभर माझ्याकडून दम्याच्या गोळ्या नेणारी. गणपती महिन्यावर आले होते आणि तिची धाप दारापासून ऐकू येत होती.

"गोळ्या संपल्या का, मावशी?"

"नाय, हायेत. घेत नाय मी."

मी भडकलो. औषध घ्यायचं नसेल तर येता कशाला, असंही बोलून गेलो. टेबलावरचं बॉलपेन उचलून तिने कोऱ्या चिठ्ठीवर एक डोळा काढला. भुवईची रेघ वेडीवाकडी निघाली.

"आज राहवेना म्हणून एक घेतली, तर दम बसायच्या आधीच हात हा असा. गणपतीच्या कारखान्यात आखणी करते मी, मूर्तीचे डोळे. गोळी घेतली की हात थरथरतो, नाय घेतली की दम लागतो. मालक म्हणतो, डोळे दुसरीला देतो."

या गोळीने हात कापतो, हे मी कॉलेजात घोकलं होतं. ही काय काम करते, ते मात्र वर्षभरात विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. मी तिला पंप दिला, तीनदा ओढून दाखवला. तिने मुळीच कुरकुर केली नाही.

दहा दिवसांनी ती आली ती बोटांना काळा रंग घेऊनच. धाप नव्हती. न सांगताच तिने माझ्या चिठ्ठीवर दुसरा डोळा काढला. एका दमात, स्वच्छ.

"डोळे माझ्याकडेच ऱ्हायले," ती म्हणाली. मग पंप पिशवीत टाकता टाकता तिने सहज विचारलं, "डॉक्टर, हे आधी का नाय दिलंत?"

रोह्याच्या सभेत मला उत्तर चटकन सुचलं होतं. इथे मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.