उंबऱ्याची रेघ

बलभीम पेंटर म्हंजी येडशीचा पाटीवाला. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, शाळेच्या भितीवरचे पाढे, सगळं त्याच्याच हातचं. बॅनरच्या मशिनी आल्या आन् त्याचं काम निम्मं झालं, पर हात तसाच हाय. अक्षर काढताना दम धरतो, आन् शेवटी वरची रेघ एका झटक्यात ओढतो. ती ओढल्याबिगर तंबाखूला हात लावत न्हाय.

म्या नववीतनं शाळा सोडली. ठेसन रोडला माझी चायनीजची गाडी हाय. बलभीमला समदी भाऊच म्हणत्यात. भाऊ रोज सांजच्याला येऊन बसतो, खात मातूर काय न्हाय. त्याला ते शेवयासारखं बघूनच मळमळतं. येतो ते नुसतं 'चायनीज' ह्या नावापायी. त्याची बहीण शिवांजली चीनला डॉक्टरकी शिकाय गेली. आई-बाप ल्हानपणीच गेल्याले, तिच्या वेण्या ह्यानंच घातल्या, पाटीवर 'अ' ह्यानंच गिरवून घेतला. ती शिकून डॉक्टर झाली, मग म्हणली अजून फुडचं शिकते. किती नागपंचम्या गेल्या, घरला आली न्हाय.

औंदा भाऊ म्हणला, "योग्या, तुझ्या गाडीवर त्यांच्या भाषेत लिहितो. शिवांजलीला फोनवर दावू."

"काय लिहिणार?"

"परत ये."

मोबाईलवर त्यानं अक्षर हुडकून ठिवलं हुतं. मोठा चौकोन, त्याच्या पोटात ल्हान चौकोन. परत येणं म्हंजी म्हणे एवढंच.

"ही तर खिडकीत खिडकी हाय."

"अक्षर हाय. गप बस."

लाल रंगानं काढलं. आधी आतला चौकोन, मग बाजूच्या दोन रेघा, मग खालची, आन् शेवटाला वरची. एका झटक्यात. मग तंबाखू, मग फोन. शिवांजली बघून हसाय लागली ती थांबंचना.

"दादा, वरची रेघ शेवटी ओढलीस न्हाय का? बाकीच्या रेघांवर चढलीया बघ."

"मग? शेवटीच असती. म्याच शिकवलंय तुला."

"ते आपल्यात. इथं आधी डावी भित. मग छप्पर आन् उजवी भित, हात न उचलता. मग आतलं घर. उंबरा सगळ्यात शेवटी. माणूस आत आल्याबिगर उंबरा घालत न्हाईत, दादा."

दुसऱ्या दिवसापासनं भाऊ सोताच्या दुकानाम्होरच्या शहाबादी फरशीवर पाण्यानं गिरवाय लागला. फरशी अशी तापल्याली की उंबऱ्यापर्यंत यायच्या आत डावी भित वाळून जायची. आन् सवयीनं हात परत वर जायचा. "छप्पर झालंय की रं!" असं सोताच्याच हाताला शिव्या द्यायचा.

रिक्षावाला बालाजी म्हणला, "पेंटर, रंग परवडंना व्हय? पाण्यावर आलाव?"

भाऊनं फुडची रेघ ओढली. म्या म्हणलो, "तू हाण तुझी रिक्षा."

पंचमीला यायचं बघते, सुट्टीचं इचारते, असं शिवांजली म्हणली. भाऊनं गाडीवरचं जुनं अक्षर खरवडून काढलं. नवं मांडलं. भित, छप्पर, आतलं घर. आन् ब्रश धुवाय रॉकेलमधी बुडवला.

"खालची राह्यली की."

"ती आल्यावर."

तवापासनं गाडीवर बिनउंबऱ्याचं अक्षर. येणारं-जाणारं गिऱ्हाईक सांगायचं, चुकलंय तुमचं. एकदा बालाजी खिशातनं मार्कर काढून रेघ ओढाय वाकला. म्या त्याचं मनगट धरलं.

"हात मोडीन."

"आरं, गंमत केली!"

"दुसऱ्याच्या दारात गंमत करू न्हाय."

पंचमीच्या आदल्या दिवशी फोन आला. म्या कोबी चिरत हुतो. भाऊनं फोन हातात धरला, तोंडाम्होरं.

"दादा, सुट्टी न्हाय मिळाली."

"बरं." मग म्हणला, "जेवलीस का?"

"व्हय."

भाऊनं फोन गाडीकडं फिरवला. ती लई येळ बघत राह्यली.

"दादा, उंबरा?"

"रंग संपला."

लाल रंगाचा डबा माझ्या पायाशी हुता, भरल्याला. म्या कोबीकडं बघितलं.

तिकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "मग इतक्यात दुसरा आणू नको," शिवांजली म्हणली.

भाऊनं वाकून डब्याचं झाकण गच्च दाबलं. आतला रंग वाळू न्हाय म्हणून.